लिहा, पुसा, पुन्हा लिहा: कापडावर हे जमतं कसं?

जून उजाडला की मोबाइलवर एक जाहिरात हमखास दिसायला लागते. टी-शर्टच्या छातीवर काळा चौकोन, एक पोरगं त्यावर खडूने स्वतःचं नाव काढतंय, आई ओलं फडकं फिरवते आणि चौकोन पुन्हा कोराकरकरीत. त्यापाठोपाठ तशीच पिशवी, तसाच ॲप्रन, वाढदिवसाला पाहुण्यांनी शुभेच्छा लिहायच्या म्हणून तसाच टेबलक्लॉथ. ठाण्यात आणि नवी मुंबईत घरून शिवणकाम करणाऱ्या अनेक जणींच्या डोक्यात मग एकच प्रश्न येतो: हे आपण करून विकलं तर? आणि घरातल्या मुलांच्या डोक्यात दुसरा: आपल्याच जुन्या टी-शर्टवर व्हाइटबोर्डचं मार्कर चालवलं तर?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे एखादा शर्ट तरी वाचेल. चालवू नका. साध्या सुती कापडावर व्हाइटबोर्डचं मार्कर पुसलं जात नाही. डाग फिका होईल, पसरेल, पण जाणार नाही. असं का, हे कळलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तरही आपोआप लागतं.

आधी हळदीचा डाग

पिवळंधमक वरण स्टीलच्या ताटात सांडलं तर बोटाने निपटून निघतं. तेच पांढऱ्या शर्टावर सांडलं तर घरात आरडाओरडा होतो. वरण तेच, हळदही तीच. फरक आहे तो खालच्या पृष्ठभागात. स्टीलला शिरायला जागा नाही, म्हणून हळद वरच बसून राहते. सुती धागा म्हणजे शेकडो बारीक तंतूंचा पीळ. तंतूंमध्ये फटी असतात आणि तंतू ज्या सेल्युलोजचे बनलेले असतात त्याला पाण्याचं भारी आकर्षण. त्यामुळे रंग फटींतून आत ओढला जातो आणि तिथेच मुक्काम ठोकतो.

तिसरं भांडंही आठवा: मेलामाईनची जुनी बशी. नवी असताना ती स्टीलसारखीच स्वच्छ पुसली जायची. चार-पाच वर्षं काथ्याने आणि तारेने घासली की तिच्यावर बारीक चरे पडतात, आणि मग हळद त्या चऱ्यांत बसून बशी कायमची पिवळट होते. स्वस्तातल्या व्हाइटबोर्डांवरचा पांढरा थर बऱ्याचदा याच मेलामाईनचा असतो, आणि शाळेतला बोर्ड काही वर्षांनी निळसर का दिसायला लागतो याचं कारणही तेच.

म्हणजे पुसता येणारं कापड करायचं तर शाई आणि कापड यांची गाठच पडू द्यायची नाही. मध्ये एक थर हवा. या धंद्यातली सगळी कारागिरी त्या थराची आहे, कापड फक्त त्याला पाठीवर घेऊन फिरतं.

चिंचोक्याची खळ आणि कोळसा

हे काही आजचं खूळ नाही. कर्नाटकातले व्यापारी पूर्वी हिशेबासाठी ‘कडत’ नावाची कापडी वही वापरत. कापडाला चिंचोक्याची खळ चोपडायची, वाळली की कोळशाने काळं करायचं, आणि त्या काळ्या कापडाच्या घड्या घालून लांबलचक वही करायची. त्यावर शंखजिऱ्याच्या, म्हणजे एका मऊ दगडाच्या, पांढऱ्या पेन्सिलीने लिहायचं. नको असेल ते पुसायचं, पुन्हा लिहायचं. शृंगेरीच्या मठात अशा कडतांचा मोठा संग्रह मिळाला, आणि एकोणिसाव्या शतकातल्या लिपी-अभ्यासकांनीही या वह्यांची नोंद करून ठेवली आहे.

यातली हुशारी बघा. खळीने धाग्यांमधल्या फटी बुजवल्या, म्हणजे पेन्सिलीची भुकटी आत शिरायची वाट बंद झाली. कोळशाने काळी पार्श्वभूमी दिली, म्हणजे पांढरं अक्षर उठून दिसलं. आणि कापड असल्यामुळे वही घडी घालून काखोटीला मारता आली. भिवंडीच्या यंत्रमागांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना खळ काही नवी नाही. विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुतांना ती देतातच, सूत तुटू नये म्हणून. कडत करणाऱ्यांनी तोच हात पुढे नेला. आज बाजारात मिळणाऱ्या ब्लॅकबोर्ड कापडाचं तत्त्व यापेक्षा वेगळं नाही. खळीच्या जागी प्लास्टिक आलं, एवढंच.

खडूचं कापड

खडूला थोडा खरखरीतपणा लागतो. काचेवर साधा खडू उमटत नाही, कारण त्याला झिजवायला तिथे काहीच नसतं. म्हणून ब्लॅकबोर्डच्या रंगात बारीक खनिज पूड मिसळलेली असते. खडू फिरवला की तो त्या पुडीवर झिजतो आणि कण वर अडकून राहतात. फडक्याने पुसलं की निघतात.

सगळे मात्र निघत नाहीत. नव्या कापडावर पहिल्यांदा तुम्ही ठसठशीत ‘श्री’ काढला तर त्याचे कण सगळ्यात खोल खड्ड्यांत जाऊन बसतात, आणि पुढचे कित्येक महिने तुमच्या प्रत्येक मजकुरामागे पुसटसा ‘श्री’ दिसत राहतो. याला घोस्टिंग म्हणतात. आपण छाया म्हणू. उपाय सोपा आहे, पण पाकिटावर तो बारीक अक्षरात छापलेला असतो आणि कुणी वाचत नाही. लिहायच्या आधी खडू आडवा धरून अख्ख्या कापडावर घासायचा, एकदा उभा, एकदा आडवा. सगळं पांढरटून गेलं की कोरड्या फडक्याने पुसायचं. आता सगळे खड्डे सारखेच भरलेले असतात, त्यामुळे एखाद्या अक्षराची वेगळी छाया उरत नाही.

घरी करायचं असेल तर पातळ कापडाच्या नादी लागू नका. घट्ट विणीचं जाड कॅनव्हास घ्या. त्यावर आधी चित्रकार लावतात तो ॲक्रिलिक प्रायमर, मग ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात आधीच्याला काटकोनात. मध्ये बारीक पॉलिश पेपर हलकासा फिरवा. शेवटचा हात वाळला असं बोटाला वाटलं तरी तीनेक दिवस हात लावू नका, कारण वरचा पापुद्रा सुकलेला असतो आणि आतला थर अजून मऊ असतो. पावसाळ्यात आणखी थांबा. असं कापड गुंडाळून ठेवता येतं, पण घडी घातलीत तर घडीवर रंग तडकतो आणि तडकलेल्या रेषेत खडू कायमचा जाऊन बसतो. म्हणून पिशवीला ते चालतं, ओढणीला चालत नाही.

मार्करचं कापड

इथे गोष्ट जरा रंजक होते. व्हाइटबोर्डच्या मार्करमध्ये तीन मुख्य घटक असतात: रंगाचे कण, ते ज्यात मिसळलेले असतात ते अल्कोहोल, आणि एक तेलकट पदार्थ. अल्कोहोल लिहिता लिहिता उडून जातं. तेलकट पदार्थ रंगाच्या कणांना पृष्ठभागाला घट्ट चिकटू देत नाही, म्हणून कोरडं फडकंही पुरतं. परमनंट मार्करमध्ये तेलाऐवजी चिकट राळ असते, ती कणांना धरून ठेवते. चुकून परमनंट मार्करने बोर्डावर लिहिलं गेलं तर त्यावरूनच व्हाइटबोर्डचं मार्कर गिरवून लगेच पुसावं; नव्या अल्कोहोलमध्ये जुनी राळ विरघळते आणि तेल तिला उचलून घेतं. सॅनिटायझरनेही काम होतं ते याच कारणाने.

आता यासाठी पृष्ठभाग कसा हवा? बंद हवा, फटी नकोत, हे तर झालंच. पण फार बुळबुळीतही नको. सिलिकॉनसारख्या पृष्ठभागावर शाई पसरतच नाही, तिचे थेंब होऊन गोळा होतात. शाई पसरली पाहिजे आणि मुरता कामा नये, असा मधला बिंदू साधावा लागतो.

बाजारात यासाठी सगळ्यात स्वस्त काय मिळतं, तर डायनिंग टेबलावर घालतात ते पारदर्शक प्लास्टिक. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजाराकडे गेलात तर मीटरवर कापून मिळेल. खाली छान छापील कापड, वर ते प्लास्टिक, चारी बाजूंनी पट्टी: झाला लिहा-पुसा टेबलक्लॉथ. पहिले काही दिवस झकास चालतो. मग एक दिवस रात्री लिहिलेलं सकाळी पुसलं जात नाही.

कारण ते प्लास्टिक पीव्हीसी असतं, आणि पीव्हीसी मूळचं कडक. आपल्या भिंतीतले पांढरे पाइप तेच. त्याला मऊ करायला त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट रसायन मिसळतात. हे रसायन आत स्वस्थ बसत नाही, हळूहळू वर येत राहतं. जुन्या फायलीतल्या प्लास्टिकच्या पाकिटात झेरॉक्स बरीच वर्षं राहिली की कागदावरची अक्षरं सुटून पाकिटाला चिकटतात, हे सरकारी कामांच्या फायली सांभाळणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असेल. झेरॉक्सची शाई त्या प्लॅस्टिसायझरमध्ये मऊ पडून पाकिटाकडे गेलेली असते. मार्करचंही तेच होतं. रंग मऊ पीव्हीसीत मुरतो, आणि मुरला की संपलं.

म्हणून चांगल्या व्हाइटबोर्ड कापडात पीव्हीसीच्या वर आणखी एक पातळ, कडक आणि गुळगुळीत लेप असतो. किंमत त्या लेपाची असते. दुकानात दोन रेक्झीनसारखे तुकडे समोर ठेवले आणि एक दुसऱ्याच्या कितीतरी पट महाग सांगितला, तर दुकानदार लुबाडतोच आहे असं समजू नका. (लुबाडतही असेल. ओळखायचं कसं ते शेवटी सांगतो.)

मध्ये थर नकोच असेल तर?

दुसरा रस्ता आहे, आणि माझ्या मते तोच जास्त डोकेबाज आहे. शाईला कापडापासून अडवण्याऐवजी असं काहीतरी वापरायचं, जे कापडात शिरलं तरी आपणहून निघून जाईल.

पहिलं पाणी. लहान मुलांसाठी पाण्याच्या पेनने रंगवायची चटई मिळते, ती आता बऱ्याच घरांत आहे. पेनात नुसतं पाणी, तरी चटईवर निळी-लाल रेघ उमटते आणि काही मिनिटांत नाहीशी होते. जादू अशी की रंग आधीपासून खाली छापलेला असतो आणि त्यावर पांढऱ्या, सच्छिद्र कणांचा पातळ थर असतो. कोरडा असताना प्रकाश त्या कणांमधल्या हवेच्या पोकळ्यांवर आदळून विखुरतो, म्हणून थर पांढरा दिसतो आणि खालचं झाकतो. पोकळ्यांत पाणी भरलं की प्रकाश सरळ आरपार जातो आणि खालचा रंग दिसतो. पांढरा शर्ट पावसात भिजल्यावर आतला गंजी दिसायला लागतो, त्याचंच हे नियंत्रित रूप. चीनमध्ये मोठी माणसंसुद्धा कुंचल्याने अक्षरं घटवायला असं पाण्याचं कापड वापरतात. आपल्याकडे जुलैतल्या दमट हवेत रेघ वाळायला वेळ लागतो, एवढाच त्रास.

दुसरी उष्णता. पुसता येणारे जे जेल पेन मुलांच्या कंपासात असतात, त्यांची शाई खरं तर पुसली जात नाही, तापून रंगहीन होते. अतिशय बारीक कुप्यांमध्ये तीन गोष्टी एकत्र असतात: एक रंगद्रव्य, त्याला रंग आणणारं सौम्य आम्ल, आणि एक मेणासारखा पदार्थ. थंड असताना रंगद्रव्य आणि आम्ल जोडीने असतात, रंग दिसतो. तापलं की मेण वितळतं, जोडी फुटते, रंग जातो. पायलट या जपानी कंपनीने २००६ मध्ये युरोपात आणलेल्या फ्रिक्सन पेनची शाई साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे नाहीशी होते. पेनाच्या मागचा रबर घासून तेवढीच उष्णता तयार करतो. कापडावर हे काम इस्त्री करते, म्हणून आरी वर्क आणि भरतकाम करणाऱ्या बायका नक्षी आखायला हेच पेन वापरायला लागल्या आहेत.

पण इथे एक गंमत आहे. ही शाई नष्ट झालेली नसते. उणे १० ते उणे २० अंशांत ती परत येते. ठाण्यात काही बिघडत नाही. तोच ब्लाऊज कॅनडातल्या भाचीकडे गेला आणि जानेवारीत गाडीत राहिला, तर आखलेली अख्खी वेलबुट्टी पुन्हा दिसू शकते. विश्वास नसेल तर चिंधीवर लिहा, इस्त्री फिरवा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा.

याच तत्त्वावर १९९१ मध्ये अमेरिकेत हायपरकलर नावाचे टी-शर्ट निघाले होते. हात लावला की तिथे रंग बदलायचा. काही काळ तुफान खपले आणि मग आपटले. गरम पाण्याने, ब्लीचने, इस्त्रीने त्यातली यंत्रणा बिघडायची. आणि काखेत रंग सगळ्यात आधी बदलायचा, जे कुणालाच जगाला दाखवायचं नसतं. मे महिन्यात ठाणे-वाशी लोकलने जाणाऱ्याने असा शर्ट घातला तर तो चढल्यापासून उतरेपर्यंत एकाच रंगाचा राहील.

तिसरा प्रकाश. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा लेप दिलेल्या कापडावर जांभळ्या टॉर्चने अक्षरं काढायची, ती अंधारात हिरवी चमकतात आणि थोड्या वेळाने आपोआप विझतात. दांडियाला मजा आहे, बाकी दिवसाढवळ्या उपयोग शून्य.

“मग अख्खा टी-शर्टच तसा का करत नाहीत?”

कारण थर म्हटलं की हवा बंद. फटी बुजवल्यामुळेच तर अक्षर पुसलं जातं, आणि त्याच फटींतून घाम सुकत असतो. छातीभर लेप म्हणजे अंगावर रेनकोट. आपल्या हवेत तळहाताएवढा तुकडा हीच मर्यादा समजा.

दुसरी अडचण गर्दीची. मार्करची अक्षरं घासली की सुटतात. गर्दीच्या लोकलमध्ये तुमच्या छातीवरचा संदेश शेजाऱ्याच्या पाठीवर जाईल. तुमच्या शर्टावर तो पुसता येणारा होता, त्याचा शर्ट मात्र साध्या सुताचा आहे. पुढचा संवाद कसा होईल ते सांगायला नको. अंगावर घालायचं असेल तर खडूच बरा, तो फार तर झटकावा लागतो.

धुण्याचं काय, हा प्रश्न लगेच येतो. लेप दिलेलं कापड मशीनमध्ये पिळलं की चरे पडतात. म्हणून लिहायचा तुकडा वेगळा करून टिचबटणांनी किंवा वेल्क्रोने लावावा. धुताना काढायचा, ओल्या फडक्याने पुसून परत लावायचा. गणपतीत कार्यकर्त्यांच्या छातीवर नाव आणि काम लिहिलेले असे तुकडे लावले तर दर वर्षी नवे बिल्ले छापायला नकोत. पाडव्याच्या शोभायात्रेत हातातल्या फलकांचंही तसंच करता येईल. आणि एक उपयोग मला या सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो: पक्षाघातानंतर किंवा घशाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांचं बोलणं गेलं आहे पण हात चालतो, त्यांच्या मांडीवर पडून राहील अशी मऊ कापडी पाटी. टणक पाटी अंथरुणात टोचते, घसरते. ही उशीखाली राहते.

शिवताना

अशा कापडाला टाचणी लावायची नाही. भोक पडलं की ते बुजत नाही आणि त्यात शाई शिरते. टाचण्यांऐवजी क्लिपा लावा. टाका मोठा ठेवा, साडेतीन-चार मिलिमीटरचा. बारीक टाका घातला तर भोकं इतकी जवळ येतात की तिथून कापड तिकिटासारखं फाटतं. उसवून पुन्हा टीप मारायची सोय नाही, जुन्या टिपेची भोकं तशीच दिसत राहतात. मशीनचा फूट चिकटून कापड पुढे सरकत नसेल तर मध्ये पातळ कागद घाला, टीप झाल्यावर फाडून काढा. इस्त्री करायचीच झाली तर उलट बाजूने, वर सुती फडकं टाकून, कोमट.

“शेवटी प्लास्टिकच ना?”

हो. याला गोड उत्तर नाही. कापड आणि प्लास्टिक एकदा चिकटवलं की ते वेगळं करून पुन्हा वापरणं फार अवघड असतं. आपल्या नाक्यानाक्यांवरचे फ्लेक्स असेच, पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसी. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. त्याहून जाड फ्लेक्स त्यातून सुटतात. शुभेच्छुकांची यादी पुसून पुन्हा लिहिता येण्याची सगळ्यात जास्त गरज खरं तर तिथेच आहे, पण ते जाऊ द्या.

हिशेब एकच लावता येतो: या एका तुकड्यामुळे किती छापील तुकडे वाचले. रोज बदलणारा मजकूर असेल, म्हणजे पोळी-भाजी केंद्राचा मेनू किंवा सोसायटीच्या पाण्याची वेळ, तर फायदा आहे. एका वाढदिवसापुरता शर्ट असेल तर साधा सुती शर्ट आणि धुऊन निघणारी शाई पुरे.

लहान मुलांसाठी खेळणं म्हणून विकायचं असेल तर आणखी एक गोष्ट. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं आहे, आणि त्या चाचण्यांत थॅलेट जातीचे प्लॅस्टिसायझरही येतात. पिशवी किंवा ॲप्रन सहसा खेळणं ठरत नाही, पण मूल कोपरा चावणारच. कडक वास येणारं रेक्झीन त्यासाठी घेऊ नये.

विकत घेताना

महाग तुकडा खरंच महाग का आहे, हे दुकानात उभ्या उभ्या कळत नाही. म्हणून आधी वीतभर नमुना घ्या. त्यावर चार रंगांच्या मार्करने चार रेघा ओढा. काळी आणि लाल असायलाच हवी. लगेच पुसू नका, एक रेघ तासाने, एक दुसऱ्या दिवशी आणि उरलेल्या दोन, लाल धरून, एका आठवड्याने पुसा. आठवड्याची लाल रेघ कोरड्या फडक्याने गेली तर कापड घ्या. ओल्या फडक्याने गेली तर भाव करा. सॅनिटायझर लागलं तर ते टेबलावरचंच प्लास्टिक आहे, त्याच भावाने मागा. मग नमुन्याला घडी घाला, नखाने दाबा, उलगडा आणि घडीवर लिहून पुसा. आणि पुसायला काथ्या किंवा भांड्यांची पावडर कुणालाही वापरू देऊ नका. गिऱ्हाईक ती वापरणारच, म्हणून पिशवीच्या आत मऊ फडक्याचा एक तुकडा दोरीने शिवूनच द्या.